विषय: माझं खातं उघडून मिळणेबाबत

काल दुपारी मी पेनाने कागदावर अर्ज लिहिला. 'मी खाली सही करणार' वगैरे. आणि तो अर्ज ज्या काकूंच्या पुढ्यात ठेवला त्यांना कॉम्प्युटरचं लॉक झालेलं खातं अनलॉक कसं करायचं हे तीन आठवड्यांपूर्वी मीच शिकवलं होतं, स्वतः चहा पाजून. डोकं अजून तापलेलं आहे, त्यामुळे लिहिताना तोल गेला तर सांभाळून घ्या.

मी चाकणच्या एका कारखान्यात सिस्टिम ॲडमिन आहे. म्हणजे सगळं चालू असेल तर 'हा दिवसभर करतो काय' आणि बंद पडलं तर 'हा करतो काय'. सोमवारी सकाळी निम्मी कंपनी पासवर्ड विसरून येते. का विसरते? कारण आमच्याकडे दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायचा फतवा आहे. अमेरिकेच्या नीस्ट ह्या सरकारी मानक संस्थेने २०१७ मध्येच लिहून टाकलं की ठराविक मुदतीने उगाच पासवर्ड बदलायला लावू नका, मायक्रोसॉफ्टनेसुद्धा २०१९ मध्ये आपल्या शिफारशींतून ती मुदत काढून टाकली, पण आमच्या ऑडिटरच्या चेकलिस्टमध्ये तो रकाना आहे आणि रकाना आहे म्हणजे टिक पाहिजे. मग लोक 'गणपती@१२३'चं 'गणपती@१२४' करतात, सुरक्षा वाढते, ऑडिटर खूश. वर पाच वेळा चुकलं की खातं लॉक, आणि लॉकची मुदत शून्य ठेवायची. शून्य म्हणजे आपोआप उघडणार नाही, कुणीतरी माणसानेच उघडायचं. तो माणूस मी.

आयटीत आळसाला ऑटोमेशन म्हणतात आणि काम दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याला डेलिगेशन. मी दोन्ही करतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे कंपनीतली सगळ्यांची खाती जिथे सांभाळली जातात तिथे, एक विझार्ड आहे, त्यातून ठराविक लोकांचे पासवर्ड रिसेट करायचा हक्क तुम्ही दुसऱ्या कुणालाही देऊ शकता. अनलॉकचं मात्र त्या तयार यादीत नाही, ते वेगळं आत जाऊन 'लॉकआउटटाइम' नावाचा रकाना शोधून टिक करावं लागतं. केलं. फ्रंट ऑफिसच्या काकूंना हक्क दिला, त्यांच्याकडे पीसी नव्हता तर स्टोअरमधला एक जुना दिला, आणि बजावलं, "काकू, ओळख पटल्याशिवाय कुणाचंही खातं उघडायचं नाही. समोर साहेब असला तरी."

हे वाक्य मी का बोललो.

तर काल जेवून आलो आणि माझं खातं लॉक. तुम्ही म्हणाल तुझ्याकडे ॲडमिनचं मोठं खातं असेल की. आहे. त्याचा पासवर्ड व्हॉल्टमध्ये, म्हणजे पासवर्डांच्या डिजिटल तिजोरीत आहे आणि व्हॉल्ट उघडतो माझ्या साध्या खात्याने. अगदीच आणीबाणीचा पासवर्ड सीलबंद पाकिटात साहेबांच्या कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांकडे, आणि साहेब गणपतीला देवगडला.

खाली गेलो. काकूंनी ड्रॉवरमधून रजिस्टर काढलं. तीन आठवड्यांत त्यांनी रजिस्टर केलं होतं, लाल पेनाने रकाने आखून!

"आयकार्ड?"

"काकू, मी आहे."

"ते दिसतंय. आयकार्ड."

ते वर टेबलावर होतं. वर जाऊन घेऊन आलो. काकूंनी फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत फोटोकडे.

"हा तूच?"

"नऊ वर्षं झाली काकू."

"तेच म्हणते." मग अर्जाकडे वळल्या. "कारण लिहिलं नाहीस."

"कारण मलाच माहीत नाही."

"असं चालत नाही. इथे दोनच कारणं आहेत, विसरलो किंवा कॅप्स लॉक." मग चष्म्यावरून बघत, आवाज अगदी मऊ करून, "कॅप्स लॉक चालू होतं का रे?"

हा प्रश्न नऊ वर्षं मी लोकांना विचारत आलोय, नेमक्या ह्याच मऊ आवाजात. कसा लागतो ते काल कळलं. बाजूला कुरिअरवाला पोऱ्या सहीसाठी थांबला होता, तो म्हणाला, "माझ्या मेव्हण्याचंपण असंच झालतं, त्यानं डायरेक फॉरमॅट मारला." काकूंनी मान डोलावली, जणू एक्स्पर्ट ओपिनियन आलं.

मी 'विसरलो' लिहिलं. खोटं लिहिलं.

"आता विभागप्रमुखांची शिफारस."

"साहेब देवगडला आहेत."

"मग त्यांचं काम कोण बघतं?"

"मी."

"मग कर की तू."

तर मी स्वतःची स्वतःकडे शिफारस केली, दुसऱ्या पेनाने, कारण एकाच शाईत दोन सह्या काकूंना बऱ्या वाटेनात. मग एका बोटाने टाइप करत त्यांनी मला उघडलं.

वर आलो, चहा घेतला, बाराव्या मिनिटाला परत लॉक. परत खाली. काकूंनी काही न बोलता नवी ओळ आखली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'पुन्हा विसरला.'

ह्या वेळी धावत वर आलो, आधी व्हॉल्ट उघडला, मोठ्या खात्याने सर्व्हरवर शिरलो आणि लॉग बघितला. खातं लॉक झालं की ४७४० नंबरची नोंद पडते आणि कुठल्या मशीनमुळे लॉक झालं त्याचं नाव त्यात येतं. नाव होतं जुन्या गेटच्या पीसीचं. हा पीसी गेल्या दिवाळीत मी स्वतः निवृत्त केला होता. गेटवरची हजेरी दर पंधरा मिनिटांनी सर्व्हरवर टाकायची स्क्रिप्ट (आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम) होती त्यात, माझ्याच खात्याने चालणारी, पासवर्ड आत उघडा लिहिलेला (ऑडिटरला सांगू नका), आणि तीन पासवर्डांपूर्वीचा. नाही जमलं तर पाच वेळा प्रयत्न कर, असंही मीच लिहून ठेवलेलं. एवढा चिवटपणा मला आयुष्यात दुसऱ्या कशात दाखवता आला नाही. पण पीसी स्टोअरमध्ये बंद पडलेला होता ना? त्याला चालू कुणी केलं?

स्टोअरमधला एक जुना दिला, असं मी वर लिहिलंय बघा. फॉरमॅट न करता दिला. सकाळपर्यंत बिचारा नेटवर्कवरच नव्हता, काकू शेजारच्या टेबलावरून लोकांना उघडत होत्या, आणि जेवणाच्या सुट्टीत इलेक्ट्रिशियनने वायर जोडून दिली.

तिसऱ्यांदा खाली गेलो. "काकू, दोन मिनिटं उठा, एक टास्क डिलीट करायचाय."

"काय डिलीट करणार ते लिहून दे."

"मग पीसीच घेऊन जातो."

"गेटपास लागेल," म्हणाल्या आणि ड्रॉवरमधून दुसरं रजिस्टर निघालं.

मी टेबलाखाली वाकून नेटवर्कची वायर उपटली आणि खिशात घालून निघून आलो. हे चुकलं, मान्य आहे. कारण शेजारचं टेबल आता नव्या ट्रेनीला दिलंय, काकूंना कुणालाच उघडता येत नाही, आणि आज सकाळपासून सतरा जण माझ्या टेबलाशी येऊन गेलेत. प्रत्येकाच्या हातात अर्ज.