नान्नजची काळविटं ‘झोम्बी’ झालेली नाहीत

सध्या सोलापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. सोबत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. मजकूर थोडक्यात असा: ‘अमेरिकेतला झोम्बी हरीण रोग नान्नजच्या माळरानावर पोचला. हरणं लाळ गाळत, झोकांड्या खात फिरताहेत. रोग हवेतून पसरतो, शेळ्यांना लागतो, अमेरिकेत दोन माणसं गेली. महिनाभर मटण बंद ठेवा. वनखातं लपवतंय.’ दुपारपर्यंत चार जणांनी ‘काय बे, खरंय का हे?’ म्हणून विचारलं, तेव्हा एकदाच लिहून टाकतो.

आधी व्हिडिओ. त्यातल्या जनावराची शिंगं फांद्या फुटलेली आहेत, मागे सूचीपर्णी झाडं आहेत आणि पायाखाली बर्फ. नान्नजला बर्फ! आपल्या काळविटाची शिंगं पिळाची असतात, त्यांना एकही फांदी नसते आणि ती दरवर्षी गळत नाहीत. मार्डी-वडाळ्याकडे जाताना कुसळीच्या गवतात उभा कळप ज्याने एकदा पाहिलाय, त्याला हे सांगायची गरज नाही. व्हिडिओतलं जनावर अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण आहे.

रोग मात्र खरा आहे. त्याचं नाव क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. 1967 साली कोलोरॅडोतल्या एका संशोधन केंद्रात बंदिस्त हरणं खंगत जाऊन मरताना दिसली. 1981 मध्ये तो रानातल्या एल्कमध्ये, म्हणजे तिकडच्या एका मोठ्या हरणात, सापडला. आज अमेरिकेच्या तीसहून अधिक राज्यांत आणि कॅनडात तो आहे. कॅनडातून आणलेल्या एल्कबरोबर तो दक्षिण कोरियात गेला आणि 2016 साली नॉर्वेच्या रानटी रेनडियरमध्ये निघाला. भारतात त्याची नोंद नाही.

‘हवेतून पसरतो’ हे सर्दी-तापाचं गणित इथे लावलेलं आहे. या रोगामागे विषाणू नाही, जिवाणूही नाही. शरीरातलंच एक प्रथिन चुकीच्या घडीत दुमडतं आणि शेजारच्या प्रथिनांनाही तशीच घडी घालायला लावतं. त्याला प्रायॉन म्हणतात. लाळ, मूत्र, लेंड्या आणि मेलेल्या जनावराचे अवशेष यांतून तो बाहेर पडतो आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो. नेहमीच्या शिजवण्याने तो नष्ट होत नाही. मेसेज लिहिणाऱ्याला घाबरवायचंच होतं तर हे लिहायचं होतं, ते खरं तरी आहे.

आता काळवीट. आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो, पण शास्त्राच्या हिशेबाने काळवीट आणि चिंकारा गाय-शेळीच्या कुळातले. हा रोग निसर्गात आजवर हरणांच्या कुळातच आढळलाय. म्हणजे चितळ, सांबर, भेकर ज्या कुळातले, त्यात. तेवढ्यावर ‘मग आपल्याला कशाला काळजी’ म्हणणाराही चुकतो. ब्रिटनमध्ये गाईंचा मॅड काऊ रोग आला, तेव्हा तिथल्या प्राणिसंग्रहालयांत दूषित खाद्य मिळालेले कुडू आणि न्याला हे काळविटाच्याच कुळातले प्राणीही प्रायॉनने मेले होते. मेंढ्यांचा स्क्रेपी हाही प्रायॉनचाच रोग, आणि हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांत तो 1961 साली नोंदवला गेलाय. कुळ वेगळं म्हणजे कायमचं कवच, असं नाही. पण आज नान्नजला तो रोग आहे, याला काडीचाही पुरावा नाही.

‘लाळ गाळत, झोकांड्या खात’ या भागावर जरा थांबतो, कारण असं जनावर माळावर खरोखर दिसू शकतं. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज फार सावकाश चालतो. लागण झाल्यावर साधारण दीड-दोन वर्षं वरून काहीच दिसत नाही. मग जनावर खंगत जातं, कान पडतात, पाणी फार पितं, लाळ गळते. काल टणाटण उड्या मारणारं काळवीट आज पडलं, तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं. तोंडाला लाळ आणि पायाने लंगडं, हे सांगितलं की शेळ्या-गाई पाळणारा कुणीही लाळ्या-खुरकूत म्हणेल, आणि तो काळविटांनाही होतो. फवारलेल्या शिवारात चरल्याने कीटकनाशकाची विषबाधा झाली तर लाळ, थरथर आणि तोल जाणं, तिन्ही एकदम दिसतं. कुत्र्यांनी लांबवर पिटाळलेलं काळवीट कुत्र्याचा दात न लागताही स्नायू निकामी होऊन कोसळतं. आणि रेबीज. भटकी कुत्री, लांडगे आणि काळवीट एकाच माळावर असताना मला सगळ्यात जास्त धास्ती त्याची वाटते, कारण लक्षणं दिसू लागली की तो माणसाला हमखास मारतो. लाळ गाळणाऱ्या जनावराला पाणी पाजायला जाणारी दयाळू मंडळी आपल्याकडे कमी नाहीत. झोम्बीच्या मेसेजने नेमका हाच धोका झाकला जातो.

मटणाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. आपल्या काळ्या रश्श्यात बोकड असतो, हरीण नसतं. अमेरिकेत रोगट हरणांच्या रानात चरणाऱ्या गाई-मेंढ्यांतही हा रोग निसर्गतः उतरलेला दिसलेला नाही. प्रयोगशाळेत थेट मेंदूत टोचून काही जनावरांना लागण करता आली, ती गोष्ट निराळी. आणि कुणी ‘हरणाचं’ म्हणून मटण विकत असेल तर तो वन्यजीव संरक्षण कायद्याखालचा गुन्हा आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे.

‘दोन माणसं गेली’ याला थोडा आधार आहे, म्हणून ते पसरतं. 2024 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दोन शिकाऱ्यांची नोंद मांडली. दोघांनी हा रोग असलेल्या भागातल्या हरणांचं मांस खाल्लं होतं, दोघे क्रॉइट्झफेल्ड-जेकब या प्रायॉनमुळेच होणाऱ्या मेंदूच्या आजाराने गेले. पण हा आजार जगभर दरवर्षी दहा लाखांत एक-दोघांना आपोआप होतोच, आणि हरणामुळेच झाला असं सिद्ध होत नाही, हे त्याच डॉक्टरांनी सांगितलं. हरणाकडून माणसाला लागण झाल्याची पक्की नोंद आजवर एकही नाही. मॅड काऊ माणसात उतरल्याचं 1996 साली स्पष्ट झालं, त्यामुळे अमेरिकेत रोगट निघालेल्या हरणाचं मांस खाऊ नका असं सांगतात. ती खबरदारी आहे.

राहिलं ‘लपवतंय’. हा रोग नुसत्या डोळ्यांनी ठरतच नाही, तर लपवणार काय? निदानासाठी घशामागच्या लसिका ग्रंथी किंवा मेंदूच्या देठाचा तुकडा प्रयोगशाळेत जावा लागतो. अमेरिकेत शिकारी मारलेल्या हरणांची डोकी तपासणी नाक्यावर देतात, त्यातून हजारो नमुने मिळतात. नॉर्वेत रेनडियरचा माग ठेवायला गळ्यात पट्टा लावायच्या मोहिमेत एक आजारी रेनडियर मेली, तिचा नमुना तपासला म्हणून कळलं. पुढे तिथल्या नूर्डफिएला या डोंगराळ भागातला दोन हजारांहून मोठा कळप सरकारने संपवला. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, आणि ती हवीच. म्हणजे आपले नमुने येणार ते गाडीखाली आलेल्या, विहिरीत पडलेल्या, कुत्र्यांनी मारलेल्या काळविटांतूनच. सोलापूरच्या उन्हात मेंदू काही तासांत नासतो, तेव्हा कळवायला उशीर झाला की तपासणीत राम उरत नाही.

त्यामुळे असं जनावर दिसलं तर हात लावू नका, कुत्री लांब ठेवा, जागा नीट सांगून वनखात्याच्या 1926 वर फोन करा. आणि वनखात्याला जाब विचारायचाच असेल तर हा विचारा: शवविच्छेदनानंतर जनावर जाळण्याआधी नमुने घेतले का, पुण्याच्या रोग अन्वेषण विभागात पाठवले का, आणि अहवाल काय आला?