डॉक्टरच का, आणि आत्ताच का?

अमेरिकेत मेडिकलला अर्ज करताना स्वतःविषयी लिहायला ५३०० अक्षरं मिळतात. शब्द नव्हे, अक्षरं, आणि मधल्या मोकळ्या जागाही त्यातच मोजतात. बावीस वर्षांच्या पोराला ती भरायची कशी याची चिंता. मधल्या वयात बरी चाललेली संगणकाची नोकरी सोडून निघालेल्या माणसाचं एवढ्यात इंजिनिअरिंगसुद्धा पुरं होत नाही. माझा पहिला मसुदा चौपट झाला, आणि त्यात माझं लग्न अजून व्हायचं होतं.

या निबंधात दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात: डॉक्टरच का, आणि आत्ताच का? पहिल्याला तयार उत्तरं आहेत. आजोबांचं आजारपण, रुग्णालयातला लांबलचक मुक्काम, उशाशी बसलेला नातू. माझे आजोबा शेवटपर्यंत ठणठणीत होते आणि झोपेत गेले. अर्जाच्या दृष्टीने त्यांनी माझं फार नुकसान केलं.

खरं कारण असं की मी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर लिहायचो. अमुक बटण डावीकडे हवं की उजवीकडे हे नर्सना विचारायला वॉर्डात जावं लागे. बटणाचा निकाल दोन मिनिटांत लागायचा. मी मात्र तिथेच रेंगाळायचो. एकदा एका डॉक्टरीणबाईंनी पेशंटच्या पाठीवर बोटांनी ठोकून, नुसत्या आवाजावरून, पाणी कुठपर्यंत भरलंय ते दाखवलं. आमच्या अख्ख्या टीमने वर्षभर खपून केलेल्या पडद्यावर ते दिसत नव्हतं. पण ‘बटण विचारायला गेलो आणि परत आलोच नाही’ हे निबंधात भारदस्त वाटत नाही.

माझी भारतातली पदवी हा अर्ज हिशेबातच धरत नाही. परदेशी विद्यापीठाच्या गुणपत्रिका ते तपासत नाहीत, बहुतेक कॉलेजांना इथलंच शिक्षण लागतं. म्हणजे जीवशास्त्र, रसायन, सेंद्रिय रसायन, भौतिक, सगळं प्रयोगशाळेसकट पुन्हा. न्यूटनचे नियम तेच होते, एवढंच समाधान. माझ्याहून लहान प्राध्यापकाकडे शिफारसपत्र मागायला गेलो, तर तेच अवघडून उठून उभे राहिले. असं पत्र परस्पर पाठवतात, आपल्याला वाचायला मिळत नाही. ‘विद्यार्थी वक्तशीर आहे, गुडघा दुखतो’ असं काहीसं असावं.

घरी अभ्यास लेक घ्यायची. तिला शाळेत तेच होतं: पेशी अन्नातून ऊर्जा काढतात ते क्रेब्स चक्र.

“बाबा, सिट्रेटनंतर?”

“आयसोसिट्रेट.”

“मग?”

मग फ्रिजचा आवाज ऐकू यायचा. हान्स क्रेब्सने १९३७ मध्ये या चक्राविषयी ‘नेचर’ या विज्ञानाच्या साप्ताहिकाला लिहिलं, तेव्हा जागा नाही म्हणून त्यांनी ते छापायचं टाळलं. पुढे १९५३ मध्ये त्याला नोबेल मिळालं, हे मान्य. तरी त्या संपादकांशी माझं अलीकडे फार जुळतं.

मग एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा. २३० प्रश्न, मधल्या सुट्ट्या धरून साडेसात तास, आणि कॅल्क्युलेटर नाही. आयुष्यभर सात गुणिले आठसुद्धा यंत्राला विचारलेला मी तिथे लॉगरिदम तोंडी काढत होतो. या परीक्षेची खरी माया तिच्या गुणांत आहे. पूर्ण गुण ५२८ आणि कमीत कमी ४७२. सगळं चुकलं तरी ४७२! निकाल आईला फोनवर सांगितला.

“कितीपैकी?”

“पाचशे अठ्ठावीस.”

“अरे वा!” आई म्हणाली. खालच्या टोकाबद्दल तिने विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

आईचा हिशेब वेगळाच होता. मेडिकलची चार वर्षं, पुढे रेसिडेन्सीची, म्हणजे रुग्णालयात राबून शिकायची, तीन ते सात. “अरे, तू डॉक्टर होईपर्यंत मला कुठला आजार शिल्लक राहणार आहे?” धाकट्या काकांना वाटत होतं की पेशंट यायच्या आधी मीच पेशंट होईन. बायको थेट विरोध करत नाही, ती फक्त घराच्या हप्त्यांचा कागद टेबलावर उघडा ठेवते. “ती वर्षं तशीही जाणारच आहेत,” असा धीर देणारेही भेटतात. त्यांतला एकही सेंद्रिय रसायनाच्या परीक्षेला बसलेला नसतो.

मी अल्बर्ट श्वाइट्झरचा दाखला काढला. धर्मशास्त्राचा अध्यापक, नावाजलेला ऑर्गनवादक. १९०५ मध्ये तो मेडिकलला गेला तेव्हा नातेवाईक, मित्र सगळे तुटून पडले. १९१३ मध्ये आफ्रिकेत लांबारेनेला जाऊन त्याने दवाखाना थाटला.

“किती वर्षांचा होता तो?” बायकोने विचारलं.

“तीस.”

तिने कागदाची घडी सरळ केली.

अर्ज गेला की कॉलेजं आपापले जादा निबंध धाडतात. ‘तुमच्यावर आलेलं एखादं संकट लिहा.’ हाच अर्ज, असं लिहिता येत नाही.

मुलाखतीची नवी तऱ्हा कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून आली. खोल्यांची रांग, प्रत्येक दारावर एक प्रसंग लिहिलेला. दोन मिनिटं बाहेर उभं राहून वाचायचं, आत आठ मिनिटं बोलायचं, घंटा झाली की पुढचं दार. खऱ्या मुलाखतीतले प्रश्न बाहेर सांगायची मुभा नसते, म्हणून सरावातला सांगतो. दारावर लिहिलं होतं: ‘तुमची मैत्रीण चांगली नोकरी सोडून डॉक्टर व्हायचं म्हणते. तिच्याशी बोला.’

आत मैत्रिणीच्या भूमिकेत एक विद्यार्थिनी. मी खुर्ची ओढली आणि सुटलोच. चार अधिक सात, हप्ते, गुडघे, सिट्रेटनंतर काय येतं माहीत आहे का तुला? आईची वाक्यं आईच्याच सुरात येत होती. काकांचा पेशंटही आला. आयुष्यात इतका मुद्देसूद मी कधी बोललो नव्हतो.

“पटलं,” ती म्हणाली. “नाही करत मी अर्ज.”

घंटा झाली. परीक्षकांनी शेरा लिहिला: विषयाची उत्तम जाण, तळमळ दिसते.