ओळखू येणारी चित्रं

लेकीने आम्हाला लंडनला बोलावलं ते नातवाला सांभाळायला. त्याबदल्यात एक रविवार आमचा. त्या रविवारी ती आम्हाला पिकॅडिलीच्या रॉयल अकादमीत घेऊन गेली. साल २०२४, प्रदर्शन मायकेल क्रेग-मार्टिन या कलावंताचं. "बाबा, तुम्हाला नक्की कळेल. सगळ्या घरातल्याच वस्तू आहेत."

तिथेच घात झाला. अमूर्त चित्रं मला सोसतात. हात मागे बांधून दोन मिनिटं उभं राहायचं, एकदा "हं" म्हणायचं, की सुटका. काहीच ओळखू येत नसल्यामुळे आमची हीसुद्धा गप्प असते. इथे मात्र सगळं लख्ख ओळखू येत होतं. बल्ब, खुर्ची, छत्री, शिडी. एकसारख्या जाडीची काळी रेघ आणि आत भडक, सपाट रंग. कुठे सावली नाही, पोचा नाही, डाग नाही. आणि ओळखीची वस्तू दिसल्यावर गप्प बसणं हिच्या रक्तात नाही.

"बल्ब जुना आहे. यांच्याकडे एलईडी आले नाहीत का?"

मी दबक्या आवाजात समजावलं, की अगं, बारीकसारीक तपशील गाळून नुसता आकार तेवढा ठेवलाय.

"म्हणजे घासूनपुसून ठेवलंय."

हे खरं तर मला सुचायला हवं होतं.

पुढे १९७० सालचं एक टेबल दोरांनी अधांतरी टांगलेलं. त्यावर पाण्याच्या चार बादल्या, आणि त्या बादल्यांच्याच वजनाने टेबल तोललेलं. हिने आधी खालची फरशी पाहिली. कोरडी होती, तेव्हा पुढे सरकली.

मग काचेच्या फळीवर ठेवलेला पाण्याचा पेला. सोबतच्या मजकुरात कलावंत ठासून सांगतो, की हा पेला नाही, ओकचं झाड आहे. १९७३ पासून सांगतोय. ऑस्ट्रेलियाच्या कस्टमवाल्यांनी हे 'झाड' वनस्पती म्हणून अडवलं होतं, असं लेकीने सांगितलं. मी खो खो हसलो. ही हसली नाही.

"पाणी कधी बदलतात? डास होतील."

आमच्या सोसायटीत कुंड्यांखालच्या ताटल्या तपासत फिरते ती हीच.

शेवटी सेफ्टी पिन आली. भलीमोठी, आणि उघडी. "मिटवून ठेवायला काय होतं?" असं ही म्हणतेय तोच शेजारच्या गोऱ्या आजीबाईंच्या पिशवीचा बंद तुटला. हिने डाव्या हातातली बांगडी पुढे ओढली. तिला नेहमीप्रमाणे पिनांचा झुबका. त्यातली एक काढून हिने बंद जोडून दिला, वर दोनदा ओढून पाहिला. आजीबाई "लव्हली, लव्हली" म्हणाल्या.

बसमध्ये ही खिडकीतून बाहेर बघत बसली होती. चित्रांचा परिणाम झाला असावा, असं वाटून मी विचारलं, "काय गं, कसलं एवढं मनावर घेतलंस?"

"घाईत मोठी पिन गेली हो. साडीची होती."