वरचे सोंडे मेले, पण दाण्यातली अंडी?

वर्षाचा शाळू-गहू भरायचे दिवस आले की सांगली-मिरजेकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. "पोत्यात धान्याची गोळी ठेवा, 24 तासांत सोंडे अंड्यांसकट खलास. घाई असेल तर गोळ्या वाढवा. मग वर्षभर बघायला नको. घरातसुद्धा चालतं." वाक्यं चार, आणि चारही चुकीची.

आधी ते 24 तास. ही गोळी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि श्वासावाटे किड्याच्या अंगात जातो. मोठा सोंडा आणि अळी भराभर श्वास घेतात, म्हणून लवकर मरतात. अंडं आणि कोष यांचा श्वास मंद, त्यामुळं ते बराच काळ तग धरतात. त्यातून सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून अंडं आत घालते आणि वरून बूच मारते. वायू तिथवर पोचतो, पण आपली नजर पोचत नाही. म्हणूनच जाणकार माणसं धान्य हवाबंद झाकून 5 ते 7 दिवस धुरीखाली ठेवतात, थंडीत त्याहून जास्त. तेवढ्या दिवसांत बरीच अंडी फुटतात आणि निघालेल्या अळ्या वायूला बळी पडतात. एका दिवसात पोतं उघडलं तर वर मेलेले सोंडे दिसतात, त्याचा फोटो ग्रुपवर जातो. महिनाभरानं त्याच दाण्यांतून नवे सोंडे निघतात तेव्हा शिव्या खातो दुकानदार!

24 तासांचा हिशेब बहुधा मिथाइल ब्रोमाइडवरून आला असावा. तो वायू खरंच तेवढ्यात काम करायचा. ओझोनला मारक म्हणून आता तो मुख्यतः आयात-निर्यातीच्या मालापुरता उरलाय.

गोळ्या वाढवून घाई भागत नाही. फॉस्फिन फार दाट झाला तर किडा सुन्न पडतो, त्याचा श्वास मंदावतो आणि तो वाचूही शकतो. इथं दिवस मोजायचे असतात.

वर्षभराची हमी तर नाहीच. झाकण काढलं की वायू उडून जातो, मागं काही राहत नाही. त्याच संध्याकाळी भुंगा आत शिरला तर त्याला अडवणारं कोण?

आणि घरात? फटीतून शेजारच्या खोलीत जाणारा हा वायू, त्यावर उतारा नाही. आपल्याकडं ही गोळी वापरायची मुभा सरकारी यंत्रणा आणि परवानाधारकांनाच आहे. सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांत, आतली हवा कोंदून प्राणवायू संपायचा, म्हणून कीड टिकत नसे. पण म्हणूनच पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नसे. बंद जागेतल्या हवेचं भय आपल्या गावाला नवं नाही.

घरापुरतं धान्य असेल तर कडक उन्हात पातळ पसरून खडखडीत वाळवा, निवू द्या आणि घट्ट झाकणाच्या कोठीत भरा. गोदामभर माल असेल तर परवानाधारक बोलवा आणि पैसे ठरवण्याआधी विचारा, ताडपत्री कधी उचलणार? उद्या म्हणाला तर त्याला परत पाठवा.