फोन कापूस विकल्यावरच घ्यावा

गेल्या आठवड्यात आमच्या आळीतला एक मुलगा संध्याकाळी ओसरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "काकाजी, ऐंशी हजाराचा फोन घ्याचा हाय, कोनता घेऊ सांगा." त्याला फोन कोणता घ्यावा हे सांगण्याआधी मी विचारले, कापूस विकला का? तो गप्प बसला. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यात राहतो आणि माझ्या मते आपल्या भागातल्या माणसासाठी महागड्या फोनवर पैसे वाचवण्याचा खरा मार्ग याच एका प्रश्नात आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

महागडा फोन घेऊच नये, असे मी म्हणणार नाही. कमावत्या माणसाला चांगली वस्तू घ्यावीशी वाटणे हा काही गुन्हा नाही. मात्र किंमत रुपयांत न मोजता एकदा पिकात मोजून पाहावी. आयफोन १७ हा फोन सप्टेंबर २०२५ मध्ये भारतात ८२,९०० रुपयांना आला. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता, म्हणजे त्या भावाने या फोनसाठी सव्वादहा क्विंटल कापूस लागतो. कोरडवाहू वावरात एकरी सहा-सात क्विंटल निघाला तरी आपण समाधान मानतो, आणि या हिशेबात बियाणे, फवारणी, वेचणीची मजुरी काहीच धरलेले नाही. त्याच हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता, त्या भावाने साडेपंधरा क्विंटल होतात. तोही बाजार समितीत प्रत्यक्ष मिळाला तर.

आता अडचण अशी आहे की, मोठमोठे सेल घटस्थापना-दसऱ्याच्या आसपास लागतात आणि त्या वेळी शेतकऱ्याच्या घरात पैसा नसतो. सोयाबीन सोंगणीला आलेले किंवा नुकते मळून झालेले असते, पराटीचा, म्हणजे कपाशीचा, पहिला वेचाही धड झालेला नसतो, उधारी मात्र कृषी केंद्राच्या वहीत चढलेली असते. नोकरदाराला सणाआधी पगार मिळतो, बोनस मिळतो, म्हणून सेलचे दिवस त्याच्या सोयीचे असतात. आपल्या हातात पैसा यायला डिसेंबर-जानेवारी उजाडते. मधल्या तीन महिन्यांचा खड्डा भरण्यासाठी दुकानातला माणूस हप्त्याचा कागद पुढे करतो, आणि जी बचत झाली असे आपल्याला वाटते ती तिथेच संपते.

हे मी घरातल्या अनुभवावरून सांगतो. २०२४ च्या दसऱ्याला माझ्या पुतण्याने तालुक्याच्या दुकानातून साठ हजारांचा फोन बिनव्याजी हप्त्यावर घेतला. बारा हजार रोख भरले आणि चार हजारांचे बारा हप्ते ठरले. फायनान्सच्या मुलाने टॅबवर भराभर बोटे फिरवली, आधार घेतले, पुतण्याच्या फोनवर आलेला ओटीपी विचारला, आणि तो सांगितल्याबरोबर सह्या झाल्या. फाईल चार्ज, फोनचा विमा आणि कसल्याशा सदस्यत्वाचे कार्ड मिळून साडेपाच हजार रुपये त्यात घातले गेले, हे घरी येऊन कागद वाचल्यावर कळले. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात चार-साडेचार हजारांनी मागणी होती. भाऊ म्हणाला, एवढ्या कमी भावाने माल काढायचा नाही, आणि पोती घरातच राहिली. परिणामी दोन हप्ते बाउन्स झाले. बँकेने वेगळे पैसे कापले, फायनान्स कंपनीने वेगळे. दोन वेळचे मिळून १,७७० रुपये. सवलतीच्या फोनवर सात हजारांच्या वर असे गेले, आणि घरात जो अबोला झाला तो वेगळाच. पुतण्या चांगला मुलगा आहे. त्याला हा हिशेब आधी कोणी करून दाखवला नव्हता, आणि त्यात माझाही दोष आहे.

बिनव्याजी हप्ता हा शब्द म्हणूनच नीट समजून घ्यावा. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट प्रत्यक्षात नसते, व्याज कुठे ना कुठे लपवलेले असते, असे रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकातच बँकांना बजावले होते. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यात साधारणपणे असे होते की बँक व्याज लावते आणि तेवढी रक्कम दुकान किमतीतून कमी करून दाखवते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेचे प्रोसेसिंगचे पैसे आपणच भरतो. शिवाय रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती तीही अनेकदा सोडावी लागते. दुकानात पहिला प्रश्न एकच विचारावा: आज पूर्ण पैसे मोजले तर शेवटचा भाव किती? तो आकडा कागदावर लिहून घ्यावा आणि नंतरच हप्त्याची गोष्ट ऐकावी.

थांबल्याने भाव हातचा जातो, ही भीती बहुतेक वेळा खरी नसते. आयफोन १५ आणि आयफोन १६ हे दोन्ही ७९,९०० रुपयांना आले, आणि पुढचा आयफोन आल्याबरोबर वर्षभरातच दोघांची कंपनीची किंमत ६९,९०० झाली. ही कपात सेलपुरती नसते, कापूस विकेपर्यंत ती टिकते. सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४ जानेवारी २०२४ मध्ये आला आणि एस२५ जानेवारी २०२५ मध्ये. नवा आला की दुकानदाराला जुना माल काढायचा असतो, आणि त्याच सुमारास प्रजासत्ताक दिनाचे सेलही असतात. म्हणजे कापसाचे चुकारे खात्यात जमा होण्याचा आणि आदल्या वर्षीचा भारी फोन स्वस्त होण्याचा काळ जवळपास एकच पडतो. मी स्वतः फेब्रुवारी २०२५ मध्ये एस२४ घेतला. मूळ किंमत ७९,९९९ होती. जुना फोन देऊन मला ५३ हजार रोख मोजावे लागले. त्या फोनला सात वर्षे अपडेट देण्याचे कंपनीचे वचन आहे, म्हणजे माझ्या हाती आला तेव्हा सहा वर्षे शिल्लक होती. तेवढा वापरला तर वर्षाला नऊ हजारांच्या आतच पडतो. दर दोन वर्षांनी वीस हजारांचा फोन बदलणाऱ्याला दहा हजार पडतात.

मात्र सहा वर्षे टिकवायचा तर आपल्या उन्हाळ्याचा विचार करावाच लागतो. लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही. ॲपल स्वतःच्या फोनसाठी भोवतालचे तापमान ३५ अंशांपर्यंतच असावे असे सांगते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो. मोटारसायकलच्या डिक्कीत किंवा टिनाच्या छपराखाली चार्जिंगला लावलेला फोन हात भाजावा इतका तापतो, हे मी हातात घेऊन पाहिले आहे. दुपारी चार्जिंग टाळावे आणि ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय फोनमध्ये असेल तर ती सुरू ठेवावी. बॅटरी एकदा बदलावी लागेल असे धरून चालावे, आणि म्हणूनच त्या कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र यवतमाळला आहे की अमरावती-नागपूरला जावे लागेल, हे घेण्याआधी विचारावे. दिवसाची मजुरी बुडवून नागपूरला दोन फेऱ्या झाल्या, तर ऑनलाइन वाचवलेले दोन हजार त्यातच जातात.

ऑनलाइनवरून आठवले. जुन्या फोनच्या बदल्यातली मोठी सूट दिसते ती शहराच्या पिनकोडवर. आपल्या गावाचा पिनकोड टाकला की बरेचदा ती सोय नाही असे उत्तर येते. काही जण पुण्याच्या भाच्याच्या कार्डावर आणि पत्त्यावर फोन मागवतात व दिवाळीत ट्रॅव्हल्सने येताना तो घेऊन येतो. यात वाईट काही नाही, फक्त बिल जपून ठेवावे आणि भाच्याचे पैसे कार्डाची तारीख येण्याआधी द्यावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी कमी झाला म्हणून फोन स्वस्त झाला, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये; फोनवरचा कर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के आहे आणि या वेळीही तेवढाच राहिला. वापरलेला फोन घेत असाल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढावा आणि KYM ही इंग्रजी अक्षरे, मध्ये जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवावा. क्रमांक चोरीच्या तक्रारीत बंद केलेला असेल तर तिथेच कळते.

त्या मुलाच्या घरी यंदा चौदा क्विंटल कापूस आहे. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर विकण्यासाठी कपास किसान ॲपवर नोंदणी लागते, ती आम्ही दोघांनी त्याच्या जुन्या, काच तडकलेल्या फोनवरून त्याच संध्याकाळी तपासली. नोंदणी मंजूर झाली आहे. चुकारा आला की आधी कृषी केंद्राची उधारी द्यायची आणि उरलेल्या पैशांत कोणता फोन बसतो ते आम्ही जानेवारीत दुकानात जाऊन पाहणार आहोत.