खुलासा : दुबईत सिक्युरिटी गार्डच्या नोकरीचा मेसेज

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘इथल्या सिक्युरिटी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट दुबईत थेट चालतं, व्हिजिट व्हिसावर जा, तिथे लगेच ड्युटी.’ हे खरं नाही.

आपल्याकडचा खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा २००५ चा. त्याखाली एजन्सीला मिळणारं लायसन्स भारतापुरतं. एजन्सीला परदेशात सुरक्षा पुरवायची असेल तर नियंत्रण प्राधिकाऱ्याची (लायसन्स देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची) वेगळी परवानगी लागते, आणि ती देण्याआधी केंद्र सरकारचा सल्ला घ्यावा लागतो. दुबईत ‘सिरा’ ही तिथली सरकारी यंत्रणा गार्डला परवाना देते. त्यासाठी तिचं ट्रेनिंग आणि परीक्षा आहे. माजी सैनिकांनाही सांगतो, इथला शस्त्र परवाना तिकडे चालत नाही.

सगळ्यात घातक भाग व्हिजिट व्हिसाचा. त्यावर काम करणं तिथे बेकायदा आहे. पकडले गेलात तर दंड, परतपाठवणी, आणि एजंटचा फोन बंद. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट बहुधा ‘ईसीआर’ असतो. त्यांना नोकरीसाठी आखाती देशांत जायला सरकारची मंजुरी लागते, ती या मार्गाने चुकते.

एजंटचा नोंदणी क्रमांक मागा आणि सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः शोधा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. दीड-दोन लाख मागत असेल तर शेत गहाण टाकू नका रे पोरांनो, आधी पोलीस ठाणं गाठा.