सत्तरीपुढच्या आठवणी ‘नुसत्या गप्पा’ नसतात

सध्या फिरणारा दावा असा: जुन्या कार्यकर्त्यांच्या तारखा चुकतात, जो तो स्वतःला पुढारी ठरवतो आणि तरुणांना हे ऐकायचंच नसतं, मग त्यांच्या आठवणी नोंदवायच्या कशाला?

तारखा चुकतात, खरं आहे. ‘कोणतं साल?’ असं विचारल्यावर त्या चुकणारच. १९७२च्या दुष्काळाच्या काळात मुंबईत बायका महागाईविरुद्ध लाटणी-थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्याबद्दल विचारताना ‘तेव्हा धाकटा चालत होता का? रेशनवर काय मिळायचं?’ असं विचारा. उत्तरावरून महिना अंदाजे कळतो. मग त्या दिवसांची वर्तमानपत्रं काढून ताडून बघा. दहा ते तीस वर्षांच्या दरम्यान घडलेलं उतारवयातही बाकीच्यापेक्षा ठळक आठवतं, आणि मोर्चात गेलेल्या कित्येकींचं वय तेव्हा तेच होतं. या मोर्चांच्या पुढारी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांची भाषणं बातम्यांत सापडतील. तान्हं मूल कुणाकडे ठेवलं, रॉकेलच्या रांगेतून निरोप कसा फिरला, हे क्वचितच छापलं गेलं.

‘स्वतःला पुढारी ठरवतात’ हा आरोप तर बहुतेक बायकांबाबत उलटाच आहे. ‘मी काय केलं? सगळ्यांबरोबर गेले,’ एवढ्यावर त्या थांबतात. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून बोलतं केलं, म्हणून त्यांचं काम नोंदलं गेलं. ‘घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत सांगा,’ असं म्हणा आणि मधली शांतता भरून काढू नका. एकाच चाळीतल्या तिघींना आधी वेगवेगळं भेटा, मग एकत्र बसवा. उलट क्रम केला, तर मोठ्या आवाजाच्या बाईची हकिकत बाकीच्याही सांगू लागतात. मतभेद राहिले, तर तसेच लिहा.

तरुण कंटाळतात ते भाषणाला. प्रश्न त्यांनाच काढू द्या, ध्वनिमुद्रणाचा मोबाइल त्यांच्याच हातात द्या. पंखा बंद, मोबाइल एअरप्लेन मोडवर आणि तोंडापासून वीतभर अंतरावर. एक बैठक फार तर दीड तासाची, शक्यतो सकाळी. थकवा आला की उत्तरं तुटक होतात. तासाभराचं बोलणं ऐकून कागदावर उतरवायला चार ते सहा तास लागतात, तेव्हा आठवड्याला एकच बैठक ठरवा. ध्वनिमुद्रणाच्या तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरी. उतरवलेला मजकूर आठवणी सांगणाऱ्या बाईला वाचून दाखवा, तिला नको असलेला भाग काढा आणि मगच संमतीची सही घ्या. शेजारणीचं नाव किंवा घरातली मारहाण बोलण्याच्या ओघात येऊन जाते; नुसत्या सुरुवातीच्या होकारावर ती बाहेर जाऊ देऊ नये.